आमची वाटचाल: मागांच्या गावातला कोडिंगचा वर्ग

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी इचलकरंजीत कोडिंगचा वर्ग काढतोय म्हटल्यावर ओळखीच्यांनी विचारलं, "इथं कोण येणार?" १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून हे गाव मागांचं. मला मात्र तीच जमेची बाजू वाटत होती. डॉबीवर, म्हणजे मागावर नक्षी ठरवणाऱ्या यंत्रणेवर, खुंटी असली की ताण्याचे म्हणजे उभे ठरलेले धागे वर जातात, नसली की जागेवर राहतात. नक्षीच्या जकार्ड मागाच्या पुठ्ठ्यांवर १८०४ पासून हेच काम भोकं करत आली. पुढे इंग्रज गणिती बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी हीच पुठ्ठ्यांची कल्पना घेतली. घरात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, असलेल्या पोराला संगणकाचं 'हो-नाही' परकं का वाटावं?

२०२० साली नवं शैक्षणिक धोरण आलं आणि त्यात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचा उल्लेख झाला. लगेच जाहिरातींचा भडिमार सुरू झाला. पालक घाबरून चौकशीला येत, आणि फीच्याही आधी सर्टिफिकेटचं विचारत. आम्ही ते देत नाही. नंबर काढत नाही, स्टार वाटत नाही. स्टॅनफर्डच्या बालवाडीत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्र काढायची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना आधी सांगून प्रमाणपत्र दिलं. आठवड्या-दोन आठवड्यांनी ती मुलं इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रं काढत बसली. ती मुलं तीन ते पाच वर्षांची होती हे खरं, पण बारा-तेराव्या वर्षी बक्षिसाचा वास तर आणखी लवकर लागतो, असं माझं ठाम मत आहे. एका शाळेनं याच मुद्द्यावरून आमच्याशी करार केला नाही. त्या वर्षी जागेचं भाडं भागवताना ओढाताण झाली, तरी नियम ठेवला.

स्क्रॅचवर, म्हणजे ब्लॉक जोडून प्रोग्राम बनवायच्या साधनावर, पडद्यावरचं मांजर पळवायची मजा तीन-चार आठवडे टिकते. एमआयटीनं २००७ मध्ये आणलेलं हे साधन फुकट आहे आणि उत्तम आहे, पण नवलाई ओसरली की मूल खिडकीबाहेर बघायला लागतं. तिथं आम्ही एकच प्रश्न विचारतो: घरात कुणाला काय मोजावं लागतं?

सातवीतल्या एका मुलीनं वडिलांच्या मजुरीचा प्रोग्राम घेतला. इथं मजुरी पिकावर, म्हणजे कापडात इंचाला किती आडवे धागे त्यावर, ठरते: मीटर गुणिले पिकं गुणिले एका पिकाचे पैसे. तिनं मीटर आणि पिकं विचारणारे ब्लॉक जोडले, ५२ पिकाचं कापड टाकलं आणि प्रोग्राम सुरू करायचा हिरवा झेंडा दाबला. आठवड्याची मजुरी शंभर पटीनं आली. शेजारची पोरं हसली. ती हसली नाही. वहीत हाताने गुणाकार करून पाहिला, तर तोही तेवढाच. मी सांगायला पुढे झालो, तर म्हणाली, "सर, थांबा, मीच बघते." पैशांचे रुपये करायचे राहिलेत हे तिला तास संपायच्या बेताला दिसलं. शंभरानं भागायचा ब्लॉक लागला आणि ती ओरडलीच. पुढच्या वेळी आली ती नवी अडचण घेऊन: वडिलांकडे दोन मागांवर दोन प्रकारचं कापड असतं. मग तिला व्हेरिएबलची यादी, म्हणजे अनेक आकडे एकत्र साठवायची सोय, शिकवावी लागली नाही, तिनं ती मागून घेतली.

आठवीची मुलं "खरं कोडिंग कधी?" असं विचारतात, म्हणून तिथं पायथन, म्हणजे ओळी टाइप करून लिहायची प्रोग्रामिंगची भाषा. त्यातले इंग्रजी एरर वाचताना मराठी माध्यमाची मुलं बिचकतात. त्यामुळे पहिले काही तास आम्ही मुद्दाम बिघडवलेले प्रोग्राम देतो आणि एररची ओळ मोठ्यानं वाचून मराठीत सांगायला लावतो. मायक्रोबिट या छोट्या संगणक-पाटीवरचे २५ दिवे पेटवायला मात्र कुणालाच आग्रह करावा लागत नाही.

फी आठवड्याला घेतो, कारण इथला पगार आठवड्याचा. वर्ग संध्याकाळी असतो. एकदा येऊन मागे बसून बघा, मुलालाही आणा. नाव नंतर घालू.