बेलाचे पान

परवा दुपारी भाची गणिताचा गृहपाठ करीत बसली होती. तिला वृत्तालेख काढायचा होता. एका काल्पनिक गावातील तीन पिकांचे क्षेत्र दिले होते आणि ते तिन्हींचे सारखेच असल्यामुळे केंद्राशी प्रत्येकी १२० अंशांचे कोन येत होते. तिने कंपासने वर्तुळ काढले, कोनमापक ठेवून तीन त्रिज्या ओढल्या, आणि चहाचा कप घेऊन मागून जाताना मी सहज म्हणालो, ‘‘अरे वा, मर्सिडीज!’’ तिने मान वर न करता सांगितले, ‘‘मामा, हे खरीप आहे.’’

ती आपल्या भात, सोयाबीन आणि भुईमुगाकडे वळली. माझी दुपार मात्र त्या आकृतीने घेतली.

ही आकृती मी पहिल्यांदा पाहिली ती कोणा श्रीमंताच्या मोटारीवर नव्हे. कराडला आमच्या घरासमोर आण्णा राहत. त्यांच्याकडे लांब नाकाचा एक जुना ट्रक होता आणि त्याच्या जाळीवर मधोमध तीन टोकांची चांदणी होती. हंगामात तो ट्रक फडातून कारखान्यावर ऊस वाहून नेई आणि हंगाम संपला की गुळाच्या ढेपा घेऊन कात्रजचा घाट उतरे. आण्णा त्याला कधीही ट्रक म्हणत नसत, टाटा म्हणत नसत. ‘‘बेंझ काढतो,’’ असे म्हणत, आणि ते ‘बेंझ’ इतक्या घरगुती सुरात येई की मला तो शब्द अस्सल कराडचाच वाटे. खंडेनवमीला ट्रक धुतला जाई, झेंडूची माळ चढे, आणि राखुंडीने ती चांदणी घासण्याचे काम आम्हा मुलांकडे येई. ती चांदणी म्हणजे नेमके काय, यावर आमच्यात मतभेद होते. माझ्या मते ते स्टिअरिंगचे चक्र होते. क्लिनरच्या मते पंखा. आण्णांनी एकदाच आणि कायमचा निकाल दिला : ‘‘बेलाचं पान हाय त्ये.’’ महाशिवरात्रीला ते खरोखरीच त्या चांदणीवर बेलाचे एक पान खोचून ठेवीत, आणि तीन दले तीन टोकांवर बरोबर बसत असल्यामुळे शंकेला जागा उरत नसे.

ट्रकावर जर्मन चांदणी का, हे कळायला पुढे बरीच वर्षे लागली. १९५४ साली टाटांच्या टेल्को या कंपनीने डाइमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला त्यांचे ट्रक तयार होऊ लागले. त्या ट्रकांच्या नावात टाटाही होते आणि मर्सिडीज-बेंझही. १९६९ साली करार संपला, तशी जाळीवरची चांदणी गेली आणि वर्तुळात इंग्रजी ‘टी’ आला. आण्णांची गाडी त्याच्या आधीची. म्हणजे जगभर ज्या चिन्हाकडे पाहून लोक आपापल्या पगाराचा हिशेब करतात, ते आमच्या भागात आधी पंधरा वर्षे ऊस, सिमेंट आणि खताची पोती ओढत आले होते. टेल्कोची ही वाढ ज्यांच्या हातून झाली ते सुमंत मूळगावकर आपले मराठी गृहस्थ. पुढे त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘सुमो’ आली, हे सर्वांना ठाऊक आहे. गाडीला माणसाचे नाव द्यावे, पण ते जाणणाऱ्यालाच कळावे, ही पद्धत मला आवडते.

मर्सिडीजच्या बाबतीतही नावाची गंमत अशीच आहे, फक्त जरा अधिक गुंतागुंतीची. आपण ‘मर्सिडीज’ म्हणतो, आण्णा ‘बेंझ’ म्हणत, आणि जिथे ही कंपनी वाढली त्या श्टुटगार्टकडची माणसे अजूनही ‘डाइमलरकडे कामाला आहे’ असे सांगतात. एका पानाची तीन दले, आणि प्रत्येकाने आपल्यापुरते एक तोडून घेतले आहे. त्यातले दोघे, कार्ल बेंझ आणि गोटलीब डाइमलर, एकमेकांपासून शंभरेक किलोमीटरवर, एक मानहाइमला आणि दुसरा कानश्टाटला, एकाच वेळी तेच काम करीत होते, तरी त्यांची कधी प्रत्यक्ष भेट झाल्याची नोंद नाही. डाइमलर १९०० साली वारला. दोघांच्या कंपन्या एक झाल्या त्या १९२६ साली, तेव्हा म्हातारा बेंझ हयात होता. ज्याला आयुष्यात कधी भेटलो नाही त्याच्या नावाला जोडून आपले नाव कायमचे लिहिले जावे, हे त्याला कसे वाटले असेल?

बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी ज्या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला तिचे चित्र पाहिले की पुण्यामुंबईच्या माणसाला मुळीच दबून जायला होत नाही. पुढे एक चाक, मागे दोन, इंजिन मागच्या बाजूला, सिलिंडर एकच, दारे नाहीत. ती रिक्षा आहे. मीटर तेवढे नाही. पाऊण अश्वशक्ती आणि ताशी सुमारे १६ किलोमीटर वेग, म्हणजे लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळी आजही ती मागे पडली नसती.

ही रिक्षा लोक घेईनात. बेंझ कारागीर मोठा, पण माल खपवण्याच्या बाबतीत भिडस्त. तेव्हा १८८८ च्या ऑगस्टमध्ये त्याची पत्नी बेर्था पहाटे उठली, पंधरा आणि तेरा वर्षांच्या दोन मुलांना बरोबर घेतले आणि नवऱ्याला पत्ता लागू न देता गाडी काढून मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे अधिक, म्हणजे आपले पुणे ते सातारा म्हणावे इतके. तोवर ही गाडी कारखान्याच्या आसपास चक्कर मारण्यापलीकडे गेली नव्हती. वाटेत इंधन संपले, तेव्हा वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून तिने लिग्रोइन विकत घेतले. हे लिग्रोइन कपड्यांवरचे डाग काढायला वापरीत. इंधनाची नळी तुंबली ती टोपीच्या टाचणीने मोकळी केली. ठिणगीच्या तारेचे आवरण झिजले होते, तिथे मोजे वर धरून ठेवणारा पट्टा गुंडाळला. ब्रेकचे लाकूड झिजले तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडे मारून घेतले, साखळीसाठी लोहाराला उठवले, आणि चढावर मुलांनी खाली उतरून गाडी ढकलली. संध्याकाळी पोचल्यावर तिने नवऱ्याला तार केली. चढाची तक्रार घरी पोचल्यावर बेंझने गाडीला आणखी एक गिअर बसवला.

ही हकिकत मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला ती टाचणी आठवत राहते. आण्णांच्या ट्रकमध्ये सीटखाली एक डबा असे. त्यात सुतळी, साबणाची वडी, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, काकूंच्या बांगड्यांच्या तुटक्या तारा असा ऐवज असे, आणि खंबाटकीच्या चढावर बंद पडलेली बेंझ त्या डब्यातल्याच कशाने तरी पुन्हा सुरू होई. डिझेलची टाकी पाझरली तर तिथे साबण चोळायचा, हे आण्णांना जर्मनीतून कोणी कळवले नव्हते. बेर्थाबाईंना तो डबा दाखवला असता तर त्यांनी मान डोलावली असती.

पण तिचे नाव गाडीवर नाही. ‘बेंझ’ आहे, ते नवऱ्याचे. आणि ज्या बाईचे नाव आहे तिने काहीच केले नव्हते, कारण ती तेव्हा दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. एमिल येलिनेक नावाचा ऑस्ट्रियन व्यापारी फ्रान्समध्ये नीसला राहत असे. तो डाइमलरच्या गाड्या विके, शर्यतीत उतरवी, आणि तेथे स्वतःचे नाव देण्याऐवजी लाडक्या लेकीचे देई. १९०० साली त्याने एकदम ३६ गाड्यांची मागणी नोंदवली आणि अट घातली की गाडी नवी हवी, अधिक लांब, अधिक बुटकी, अधिक जोरकस, आणि तिला नाव माझ्या मुलीचे हवे. कंपनीचा अभियंता विल्हेल्म मायबाख याने तशी ३५ अश्वशक्तीची गाडी आखली. १९०१ च्या वसंतात नीसच्या शर्यतींत तिने बाकीच्यांची दाणादाण उडवली आणि मोटार म्हणजे घोडा सोडलेली बग्गी, ही समजूत तेथे संपली. येलिनेकने पुढे आपल्या आडनावालाच ‘मर्सिडीज’ जोडून घेतले. बापाचे नाव मुलीला लागते; इथे मुलीचे बापाला लागले.

चांदणी कोठून आली, तेही घरगुतीच आहे. डाइमलर कोलोनजवळ डॉइट्स येथे नोकरीला असताना त्याने शहराच्या चित्रावर आपल्या घराच्या जागी चांदणीची खूण केली आणि बायकोला लिहिले की ही चांदणी एक दिवस माझ्या स्वतःच्या कारखान्यावर चमकेल. त्याच्या मृत्यूनंतर मुलांना ती खूण आठवली आणि १९०९ मध्ये कंपनीने ती नोंदवली. तीन टोके म्हणजे जमीन, पाणी आणि हवा, या तिन्हींसाठी डाइमलरची इंजिने, असा अर्थ लावला गेला. अर्थ भारदस्त आहे. तरीही मला आण्णांचा बरा वाटतो.

या चांदणीपायी मला एक खोड लागली आहे, ती इथे सांगून टाकतो. चालत्या गाडीच्या चाकांवरच्या चांदण्या गाडी थांबली की वाटेल त्या कोनात थांबतात. उभ्या मर्सिडीजजवळून जाताना मी चारही चाकांकडे पाहतो, आणि एखाद्या चाकावरची चांदणी एक टोक नीट वर करून उभी असली तर मला बरे वाटते. चारही चाकांवर तसे असलेले मी अजून पाहिलेले नाही. वाकडी चांदणी पाहून भिंतीवर गणपतीची तसबीर तिरकी टांगल्यासारखी अस्वस्थता येते. एकदा सोसायटीच्या रखवालदाराने विचारले, ‘‘साहेब, गाडी घ्यायचा विचार आहे का?’’ मी होय म्हणालो. खरे कारण सांगण्यापेक्षा ते सोपे होते.

घेण्याचा विचार अर्थातच कधी नव्हता, आणि या गाडीचे आकर्षण घेण्यात आहे असेही मला वाटत नाही. १९९५ पासून ती आमच्या पिंपरीत जुळवली जाऊ लागली, आणि २००९ मध्ये कारखाना चाकणला, कांदा-बटाट्याच्या बाजाराच्या गावी गेला. त्यामुळे तिचे अप्रूप आता तेवढे राहिलेले नाही. मला तिच्यात मोह पडतो तो तिच्या दीर्घायुष्याचा. जर्मनीत ती हस्तिदंती रंगाची साधी टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षे धावते. ग्रीसमधील एका टॅक्सीवाल्याची १९७६ सालची २४० डी ४६ लाख किलोमीटर धावून २००४ मध्ये कंपनीच्या संग्रहालयात गेली. आण्णा असते तर त्यांनी विचारले असते, ‘‘इंजिन कितींदा उतरवलं?’’

आणि दुसरे, तिचा पत्रा. आपल्याकडे गाडी पाहायला गेलेला माणूस आधी बॉनेटवर बोटांनी टकटक करतो आणि आवाज जाड आला की समाधानाने मान हलवतो. बेला बारेन्यी या त्यांच्या अभियंत्याने १९५१ मध्ये नेमके उलटे मांडले. गाडीचा पुढचा आणि मागचा भाग सहज चेपला गेला पाहिजे, म्हणजे धडकेचा जोर तिथेच संपेल आणि मधला, माणसे बसतात तो भाग तेवढा घट्ट राहील. १९५९ पासून कंपनी अशा गाड्या बनवू लागली. गाडीने मोडावे आणि माणसाने राहावे, हे टकटक करणाऱ्याला पटवणे आजही कठीण आहे.

एवढ्या कौतुकानंतर एक गोष्ट मला टाळता येत नाही. येलिनेकचे वडील व्हिएन्नाचे नामांकित ज्यू धर्मगुरू होते. म्हणजे ‘मर्सिडीज’ हे एका धर्मगुरूच्या नातीचे नाव, आणि त्या नावाच्या काळ्या, उघड्या गाडीत उभा राहून हिटलर सलामी घेत होता. ती नात त्याआधीच, १९२९ च्या फेब्रुवारीत, चाळिशीही न गाठता वारली, आणि त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत कार्ल बेंझही गेला. बेर्था मात्र राहिली. ती ५ मे १९४४ रोजी, पंच्याण्णव वर्षे पुरी करून दोन दिवसांनी गेली. त्या वर्षी तिच्या नवऱ्याचे नाव लावणाऱ्या कंपनीत काम करणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक वेठीला धरून आणलेले परदेशी मजूर, युद्धकैदी आणि छळछावण्यांतील बंदी होते. टाचणीने इंधनाची नळी मोकळी करणाऱ्या बाईच्या हयातीतच हे झाले. तिला त्यातले किती ठाऊक असेल, हा प्रश्न मी अनेकदा मनात आणला आणि दर वेळी अर्ध्यावर सोडला.

आण्णांचा ट्रक पुढे भंगारात गेला. चांदणी काढून ठेवावी, हे कोणाच्याही ध्यानात आले नाही, आण्णांच्याही नाही.

तोवर भाचीचे रंगवून झाले होते. भात हिरवा, सोयाबीन पिवळे, भुईमूग तपकिरी. आकृती छान होती, पण तिची एकही त्रिज्या सरळ वर जात नव्हती. मी हळूच वही थोडी फिरवली, आणखी थोडी, एक टोक नीट वर येईपर्यंत.

‘‘मामा,’’ ती म्हणाली, ‘‘वही सरळ ठेव ना.’’