कांगा लीग आणि बोंबील: मुंबईतला एक रविवार

पहाटे मासे, मग क्रिकेटची मैदानं: या फेरीचा सगळा खेळ तारखेवर आहे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे तेव्हा बाजारात बर्फातला माल. आणि पावसात, न झाकलेल्या खेळपट्ट्यांवर खेळायची क्लबांची क्रिकेट स्पर्धा, कांगा लीग (1948 पासून), पाऊस संपला की संपते. दोन्ही एकत्र मिळतात ते ऑगस्ट-सप्टेंबरच्या रविवारी. श्रावण न पाळणाऱ्यांची मजा, कारण गिऱ्हाईक कमी. पाळणाऱ्यांनी गौरी-गणपती उरकल्यावरचा रविवार धरावा.

पहाटे साडेपाचला कुलाब्याचा ससून डॉक. चपला नकोत, तळाला खाचा असलेले रबरी बूट हवेत. फरशी कायम ओली असते आणि पाटीवाल्या कोळणी वाट देत नाहीत, आपणच द्यायची. मोबाईल खिशातच बरा. लिलाव मोठ्या मालाचा, घरच्यासाठी बाहेर वाटे लावून बसलेल्या बायकांकडे जा. बोंबील गुलाबी झाक असलेला, चकचकीत घ्या, पिवळट पडलेला सोडा. पापलेटचे कल्ले उघडून बघा, लाल हवेत. किलोला किलो फोडलेला बर्फ, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ-मासा-बर्फ असे थर. खोक्याच्या तळाला भोक पाडून खाली ट्रे ठेवा. वितळलेल्या पाण्यात मासा बुडून राहिला की लवकर उतरतो, बर्फ शिल्लक असला तरी.

गाडी चर्चगेटला लावून पायी ब्रेबोर्न (1937) आणि वानखेडे. दोन्ही मैदानं एकमेकांपासून दहा मिनिटांवर का, याचं उत्तर तिकिटांच्या भांडणात आहे: ब्रेबोर्नवाल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं (सीसीआय) आणि मुंबई क्रिकेट संघटनेचं जमेना, म्हणून दुसरं उभं राहिलं. वानखेडेवर पहिली कसोटी जानेवारी 1975 ला, वेस्ट इंडीजविरुद्ध. त्यांचा कर्णधार क्लाइव्ह लॉइड नाबाद 242.

मरीन ड्राइव्हवर पुढे हिंदू, इस्लाम, पारशी जिमखाने ओळीत. हिंदू जिमखान्यासमोर थोडं थांबा. दलित फिरकी गोलंदाज पळवणकर बाळूंनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले, पण तेव्हाच्या धर्मवार संघांच्या स्पर्धेत हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना जातीमुळे मिळालं नाही. ते 1923 ला धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

मग आझाद मैदान. दक्षिण टोकाला बॉम्बे जिमखाना, ससून डॉकच्याच वर्षीचा, 1875. भारतातली पहिली कसोटी इथे, डिसेंबर 1933 मध्ये. लाला अमरनाथांचे 118 आणि तरी इंग्लंड नऊ गडी राखून जिंकलं. आत फक्त सभासदांना प्रवेश, पण मैदान बाहेरून दिसतं. 1988 मध्ये तेंडुलकर-कांबळीची 664 ची नाबाद भागीदारीही आझाद मैदानावरचीच.

इथे कांगाचा सामना बघताना चेंडूपेक्षा गवताकडे लक्ष द्या. ते इतकं वाढलेलं असतं की जमिनीवरून मारलेला फटका मध्येच मरतो, म्हणून फलंदाज उचलून मारतात. ओल्या पट्टीवर एक चेंडू घोट्याशी राहतो, पुढचा छातीवर येतो. रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर सामने रद्द होतात; त्या दिवशी सरळ दादर गाठा.

दादरच्या मालवणी खानावळीत बारालाच पोचा, एकनंतर रांग. जेवून शिवाजी पार्क, तिथे तेंडुलकरचे प्रशिक्षक आचरेकर सरांचं स्मारक.

घरी नेलेले बोंबील पोटातून चिरून, मधला काटा काढून, दोन पोळपाटांत वर वरवंटा ठेवून अर्धा तास दाबा. या माशात पाणीच फार. न दाबता तव्यावर टाकला तर तळला जात नाही, शिजतो आणि उलटताना तुटतो. मीठ-मसाला दाबल्यानंतर, तोही तळायच्या तोंडावर. आधी लावलात तर मीठ पुन्हा पाणी सोडवतं आणि रव्याचा चिखल होतो. रव्यात चौथा हिस्सा तांदळाचं पीठ, आच मध्यम, आणि एकदाच उलटायचं.