चाऱ्या नीट दिसेपर्यंत : एकटीनं गेम बनवण्याचं एक वर्ष

१२ नोव्हेंबर २०२४, कार्तिकी एकादशी. संध्याकाळी साडेसहाला मी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात माझा गेम प्रकाशित करायचं बटण दाबलं, तेव्हा खालच्या रस्त्यावरून विधानसभेच्या प्रचाराची रिक्षा जात होती. मी खिडकी लावून घेतली आणि दुसऱ्या लॅपटॉपवर गेम विकत घेऊन पाहिला. उतरवून घेतला, उघडला, भाषा मराठी निवडली. पहिल्याच पडद्यावर 'चाऱ्या' हा शब्द नीट उमटला होता. मग आईला फोन केला.

त्या एका शब्दासाठी वर्षातला किती वेळ गेला, हे सांगायचं तर जानेवारीपासून सुरुवात करावी लागेल.

पुण्यात एका मोबाइल गेम कंपनीत मी सहा वर्षं प्रोग्रॅमर होते. डिसेंबर २०२३ मध्ये नोकरी सोडली. हाताशी चौदा महिन्यांच्या खर्चाइतके पैसे होते आणि डोक्यात एक गेम होता. त्याचं नाव पहिल्या दिवसापासून 'पाटकरी'. माझे आजोबा पाटकरी होते. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. पांझरा, मोसम या नद्यांवर काही शतकांपासून फड पद्धत चालत आली आहे. नदीवर बंधारा घालून पाणी पाटात वळवायचं, पाटातून चाऱ्यांत, चाऱ्यांतून सारंगांत आणि तिथून शेतात. शेतांचे मोठे गट म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी कमी असेल त्या वर्षी किती फड भिजवायचे ते गावानं मिळून ठरवायचं. ठरलेलं पाणी पाळीनं ज्याचं त्याला पोचवतो तो पाटकरी. लहानपणी आजोबांच्या मागे मी पाटाच्या कडेनं चालले आहे. फावड्यानं दोन ढेकळं बाजूला केली की पाणी थबकतं, वळतं आणि नव्या वाटेला लागतं. हे बघताना जे वाटायचं, ते खेळणाऱ्याला वाटावं, एवढीच माझी इच्छा होती.

घरी समजावणं सोपं नव्हतं. "पुण्यात बसून असले गेम कोण बनवतं?" असं बाबांनी विचारल्यावर मी त्यांना 'राजी' दाखवला. पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सनं तो २०२० मध्ये काढला. बाबांनी दहा मिनिटं पाहिला. त्यानंतर घरात तो विषय पुन्हा निघाला नाही.

इंजिन, म्हणजे ज्या सॉफ्टवेअरवर गेम उभा राहतो ते, म्हणून गोडो निवडलं. ते मोफत आहे, स्रोत खुला आहे, आणि २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात देवनागरीसारख्या जोडाक्षरांच्या लिपी नीट जुळवल्या जातात. हे शेवटचं कारण माझ्यासाठी सगळ्यात मोठं होतं, कारण आधीच्या एका साधनात मी हात पोळून घेतला होता. तिथे 'विहीर' लिहिलं की 'व'ची वेलांटी पुढे सरकून 'ह'ला चिकटायची. प्रत्येक शब्द हातानं उलटसुलट लिहून पडद्यावर सरळ दिसेल असा करावा लागायचा. चारशे वाक्यांच्या गेममध्ये असं करत बसणं शक्य नाही, आणि मराठी वाचणाऱ्याला मोडकी मराठी देणं मला मान्य नव्हतं.

जानेवारी आणि फेब्रुवारी पाण्यात गेले. पडद्यावर ९६ बाय ५४ चौकटी आखल्या. प्रत्येक चौकटीत किती पाणी आहे हा एक आकडा, आणि सेकंदाला वीस वेळा प्रत्येक चौकट शेजारच्या कमी पातळीच्या चौकटीला थोडं पाणी देते. कागदावर हे सोपं दिसतं. चालवून पाहिलं तर पाणी डावीकडे हळू आणि उजवीकडे झपाट्यानं पळायचं. मी चौकटी डावीकडून उजवीकडे तपासत होते, त्यामुळे उजवीकडच्या चौकटीला त्याच फेरीत मिळालेलं पाणी लगेच पुढे ढकललं जायचं. जुनी स्थिती एका जागी ठेवून नवी दुसऱ्या जागी लिहायला लागल्यावर पाणी दोन्हीकडे सारखं वाहू लागलं.

मग दुसरी अडचण. गेम अर्धा तास चालू ठेवला की पाणी कमी व्हायचं. कोणी ते वापरत नव्हतं, तरी एकूण बेरीज घसरत होती. चार दिवस शोधल्यावर सापडलं. गणित हलकं व्हावं म्हणून अगदी कमी पाणी उरलेली चौकट मी शून्य करत होते, आणि हजारो चौकटींमधलं ते चिमूट चिमूट पाणी मीच फेकत होते. मग अपूर्णांक सोडून पूर्णांक घेतले. भरलेली चौकट म्हणजे हजार थेंब, भागाकारात उरलेली बाकी त्याच चौकटीत ठेवायची. रात्रभर गेम चालू ठेवला. सकाळी बेरीज जशीच्या तशी होती, एका थेंबाचाही फरक नाही. मला फार आनंद झाला होता.

मार्चमध्ये लॅपटॉप घेऊन मामांकडे गेले. त्यांनी पिंपळनेरच्या घराच्या ओट्यावर बसून माझा पहिला टप्पा पाहिला. पाणी बंधाऱ्यापासून शेवटच्या शेतापर्यंत गेलं. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोरी, पाट मातीचा आहे ना?"

"हो मामा."

"मग सगळंच्या सगळं पाणी पोचलं कसं?"

मातीचा पाट झिरपतोच. कोरडा पाट आधी स्वतः पाणी पितो, मग पुढे सोडतो. मी विचारलं, झिरपलेलं पाणी वाया जातं का? मामांनी हात खालच्या शेताकडे केला. तिथे विहीर होती. पाट चालू असला की त्या विहिरीला पाणी वाढतं, पाट बंद झाला की काही दिवसांनी ते उतरतं.

चार दिवस खपून गळती बुजवली होती, ती आता मी मुद्दाम परत आणली, पण या वेळी हिशेबासकट. चौकटीतून झिरपलेला थेंब जमिनीखालच्या दुसऱ्या थरात जातो, तिथून उताराकडे सरकतो आणि विहीर लागली की तिच्यात चढतो. एकूण बेरीज आजही कायम राहते. पुढे गेममधले सगळ्यात चांगले टप्पे यातूनच निघाले. पाट लवकर कोरडा पडू दिला तर खालच्या शेतकऱ्याची विहीर आटते, आणि ते खेळणाऱ्याला दोन पाळ्यांनंतर कळतं. हे मला पुण्यात खुर्चीत बसून कधीच सुचलं नसतं.

आता अक्षरांकडे येते. सुरुवातीला मला गेम पिक्सेल आर्टमध्ये, म्हणजे ठळक चौकोनी ठिपक्यांच्या चित्रांत, करायचा होता. एकटीला झेपणारी चित्रशैली ती. पण रोमन अक्षर आठ पिक्सेलच्या उंचीत मावतं, देवनागरीचं तसं नाही. शिरोरेषा, तिच्यावर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार आणि मधे जोडाक्षराचं पोट. सोळा पिक्सेल उंचीत मी स्वतः अक्षरं काढायला बसले. 'क', 'म', 'प' झाले. 'द्ध' पाशी अडले, 'ट्र' पाशी अडले, आणि 'चाऱ्या' पाशी हात टेकले. अर्धा र शिरोरेषेला लटकणाऱ्या छोट्या आडव्या वळणासारखा हवा, पण त्याला दोनच पिक्सेल मिळत होते. जवळून तो डाग वाटायचा. सोय म्हणून एका दुसऱ्या तयार फाँटमध्ये शब्द टाकला, तर त्यात 'ऱ' हे अक्षरच नव्हतं आणि जागी रिकामा चौकोन आला. तिसऱ्या फाँटमध्ये 'चार्या' दिसलं, वर रफार असलेलं. हिंदीला ते अक्षर लागत नाही, म्हणून अनेक फाँट बनवणाऱ्यांच्या ते ध्यानात राहत नाही. पण माझ्या गेममध्ये सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द तोच होता. आजोबांचा शब्द चुकीचा लिहून मी गेम काढणार नव्हते.

शेवटी मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेनं बनवलेला मुक्त परवान्याचा 'मुक्त' फाँट घेतला. त्यात 'चाऱ्या' हवा तसाच आला. पण ती गुळगुळीत, सुंदर अक्षरं पिक्सेलच्या शेतांवर परकी वाटायला लागली. आठवडाभर दोन्ही समोर ठेवून बघत होते. मग अडीच महिन्यांची पिक्सेल चित्रं बाजूला ठेवली आणि सगळं शाईच्या रेषांत पुन्हा काढायला घेतलं. पाट, बांध, बाभळी, विहिरीचा रहाट, सगळं. लिपीनं गेमचं रूप ठरवलं. आज मला तो निर्णय वर्षातला सर्वांत बरोबर निर्णय वाटतो.

अक्षरांचं आणखी एक काम राहिलं होतं. संवाद एकेक अक्षर उमटत जावा अशी माझी इच्छा होती. तसं केल्यावर 'क्षेत्र' लिहिताना आधी 'क' दिसायचा, मग पाय मोडलेला 'क्', मग अचानक 'क्ष'. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना ते टोचतं. उपाय असा की आधी पूर्ण वाक्य जुळवून घ्यायचं आणि मग जुळलेले आकार एकामागून एक दाखवायचे. गोडोत त्यासाठी सोय आहे, पण ती शोधायला मला दोन दिवस लागले.

शब्दांवरूनही चर्चा झाल्या. सोलापूरच्या एका मैत्रिणीनं खेळून बघितलं आणि म्हणाली, "याला दारं धरणं म्हणतात गं, तू नुसतं पाणी भरणं काय लिहिलंस?" आमच्याकडे पाणी भरणंच म्हणतात, म्हणून तेच ठेवलं. इंग्रजी आवृत्ती मी मराठीवरून केली. फड, पाटकरी, चारी हे शब्द तसेच ठेवले आणि त्यांचा अर्थ चित्रातून कळेल असे पहिले तीन टप्पे रचले.

जून आणि जुलै वाया गेले. बाजार, बैल, भाव असा भाग सात आठवडे खपून बनवला आणि काढून टाकला. त्याच्यामुळे खेळणाऱ्याचं लक्ष पाण्यावरून उडत होतं. ऑगस्टमध्ये पैशांसाठी दोन आठवडे बाहेरचं काम केलं. त्या काळात मी दिवसचे दिवस कोणाशी बोलत नव्हते. मग नियम केला की संध्याकाळी सहा वाजता लॅपटॉप बंद करून टेकडीवर जायचं. तो नियम अजून पाळते.

स्टीमच्या बाजूचं काम वेळखाऊ असलं तरी सरळ आहे. एका गेमसाठी १०० डॉलर भरावे लागतात, आणि गेमची कमाई १००० डॉलरच्या वर गेली की ते परत मिळतात. करासाठी डब्ल्यू-८बेन हा अर्ज भरताना पॅन क्रमांक द्यायचा, म्हणजे भारत-अमेरिका करारानुसार अमेरिकेतल्या विक्रीवर तीसऐवजी पंधरा टक्केच कापले जातात. दुकानातलं पान प्रकाशनाच्या किमान दोन आठवडे आधी उघडं असावं लागतं. माझं मे महिन्यातच उघडलं होतं, आणि जो कोणी हे करणार असेल त्याला मी याहूनही लवकर उघडायला सांगेन. स्वतः स्टीम विक्रीतले तीस टक्के ठेवतं.

ऑक्टोबरमध्ये स्टीमच्या नेक्स्ट फेस्ट या येऊ घातलेल्या गेमच्या महोत्सवात पहिल्या पाच टप्प्यांचा डेमो ठेवला. एका गेमला या महोत्सवात एकदाच भाग घेता येतो, म्हणून जूनचा सोडून ऑक्टोबरपर्यंत थांबले होते. त्या आठवड्यात अनोळखी लोक गेम खेळताना पाहिले, काहींनी आपलं खेळणं चित्रित करून टाकलं होतं. चौथ्या टप्प्यात जवळजवळ सगळे एकाच जागी अडत होते. विहीर आटत होती आणि का आटते आहे ते त्यांना समजत नव्हतं. मी झिरपणारं पाणी जमिनीखाली फिकट निळ्या रेघांनी दाखवायला सुरुवात केली. पुढच्या एका चित्रफितीत एक मुलगा त्या रेघा पाहून काही क्षण गप्प बसला आणि त्यानं पाटाचं फाटक पुन्हा उघडलं. त्याला फड म्हणजे काय ते माहीत नव्हतं. पाट कोणासाठी चालू ठेवायचा ते मात्र कळलं होतं. ती चित्रफीत मी जपून ठेवली आहे.

पहिल्या महिन्यात सहाशेच्या वर प्रती गेल्या. नोव्हेंबरचे पैसे डिसेंबरअखेर आले. माझा चार महिन्यांचा खर्च त्यातून निघतो, वर्षाचा निघत नाही. जानेवारीपासून आठवड्याचे तीन दिवस बाहेरचं काम घेतलं आहे, उरलेले दिवस 'पाटकरी'चे.

मामांनी पूर्ण गेम दिवाळीनंतर खेळला. शेवटच्या टप्प्यात त्यांनी चारीचं फाटक वेळेच्या आधीच बंद केलं, शेत पूर्ण भिजलं नव्हतं तरी. गेमनं त्यांना कमी गुण दिले. मी विचारलं, का बंद केलंत? ते म्हणाले, "खाली अजून दोन शेतं आहेत. माझं भागलं." त्या रात्री गुणांचा हिशेब बदलला. आता गुण फडातलं सगळ्यात कोरडं शेत पाहून मिळतात.

मग जाता जाता त्यांनी आणखी एक सांगितलं. गेममधले म्हातारे पाटकरी पुण्याच्या लोकांसारखे बोलतात. ते खरंच होतं, मी सगळे संवाद प्रमाण मराठीत लिहिले होते. म्हणून आता रविवारी दुपारी मामांना फोन लावते. मी एक वाक्य वाचते, मामा ते अहिराणीत सांगतात, मी लिहून घेते आणि पुन्हा वाचून दाखवते. 'पाणी'चं 'पानी' झालं आहे. चारशेपैकी एकशेबारा वाक्यं झाली. गेल्या रविवारी एका वाक्यावर ते अडले, म्हणाले, हे आप्पा कसं म्हणायचे ते आठवू दे. आप्पा म्हणजे माझे आजोबा. येत्या रविवारी त्या वाक्यापासूनच सुरुवात करायची आहे.