मैतेई ख्रिश्चन? हो, असतात

टीव्हीवाल्यांनी मणिपूरचा हिशोब एकदम सोपा करून टाकलाय, खोऱ्यातले मैतेई म्हणजे हिंदू, डोंगरातले कुकी म्हणजे ख्रिश्चन, विषय संपला. मग मैतेई ख्रिश्चनाला बसवायचं कुठे?

१८९४ मधे विल्यम पेटिग्रू नावाचा मिशनरी इंफाळला आला, शाळा काढली, मैतेई भाषा शिकला. पण तीनच वर्षांपूर्वी इंग्रजांनी लढाई करून मणिपूर घेतलेलं, लढलेल्या राजपुत्र टिकेंद्रजितला लोकांसमोर फाशी दिलेली, त्यात आता धर्मात नाक खुपसलं तर भडका उडेल म्हणून खुद्द इंग्रज अधिकाऱ्यांनीच त्याला खोऱ्यात प्रचार करू दिला नाही (गंमत आहे ना). मग तो गेला उखरूलच्या डोंगरात, तांगखुल नागांकडे. पुढे डोंगर बहुतेक ख्रिश्चन झाले आणि मैतेईंमधे त्याचा विद्यार्थी आंगोम पोरोम सिंग वगैरे मोजकी नावं.

पण नुसत्या बंदीमुळे असं झालं हे मला पटत नाही, बंदी काय कायमची नसते. मैतेई घरात नैऋत्य कोपऱ्यात सनामही असतो, घरचा देव. अठराव्या शतकात राजा पामहैबा उर्फ गरीब निवाजने वैष्णव धर्म आणला, जुने पुया ग्रंथ जाळायला लावले, तरी तो कोपरा जागचा हलला नाही, म्हणजे गोविंदजीच्या देवळात रास पण बघायची आणि घरी येऊन सनामहीला हात पण जोडायचे. चर्चला असं दोन्हीकडे चालत नाही, तो कोपरा रिकामा करावा लागतो. आता घरात आजी असताना हे करून बघा!

बरं, वैष्णव मंडळींनी पण कमी त्रास दिला नाही. महाराजा चुराचंदच्या काळात ब्रह्मसभा, म्हणजे दरबारच्या ब्राह्मणांची धर्मसभा, लोकांना 'मांगबा' म्हणजे बाटलेला ठरवायची, शुद्ध व्हायचं तर पैसे भरा. असं असताना लोक झुंडीने चर्चकडे वळायला हवे होते, पण जुन्या धर्माचीच चळवळ जोर धरत गेली, नाओरिया फुलोंनी १९३० मधेच त्यासाठी अपोक्पा मारुप ही संघटना काढलेली.

त्यामुळे मैतेई ख्रिश्चन वाढले ते हळूहळू, एकेक घर करत, आणि अजूनही थोडेच आहेत. मे २०२३ च्या मैतेई-कुकी दंगलीत खोऱ्यात त्यांची पण चर्चेस जाळली, आणि धर्म एक असून डोंगरात आसऱ्याला जायची सोय नाही कारण तिथे ते मैतेईच.