पेरूच्या पानांची अँटिऑक्सिडंट चाचणी : माझा अनुभव

पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी पेरूच्या पानांच्या अर्काची अँटिऑक्सिडंट क्षमता, म्हणजे मुक्त मूलकांना (विजोड इलेक्ट्रॉन असलेल्या रेणूंना) निष्प्रभ करण्याची ताकद, तपासली. पाने सावलीत वाळवणे, त्यांची भुकटी मिथेनॉलमध्ये भिजवून गाळणे आणि कमी दाबाखाली, ४० अंशांच्या आत मिथेनॉल उडवणे, हे सारे विनासायास पार पडले. घोडे अडले ते उपकरण केंद्राच्या खिडकीशी.

डीपीपीएच या मुक्त मूलकाचे द्रावण गडद जांभळे असते. अर्कातील फिनॉलिक संयुगांशी त्याची अभिक्रिया झाली की रंग पिवळट होत जातो आणि ही घट स्पेक्ट्रोफोटोमीटर या प्रकाशशोषण मोजणाऱ्या उपकरणावर ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीला मोजतात. अर्क मिसळल्यावर नळ्या अंधारात ठरावीक वेळ, बहुधा ३० मिनिटे, ठेवून लगेच वाचन घ्यावे लागते, कारण संथपणे अभिक्रिया करणारी संयुगे त्यानंतरही रंग उतरवत राहतात. केंद्राच्या अर्जात नमुन्यांची संख्या, विद्रावक, मार्गदर्शकांची सही असे सगळे रकाने होते. वेळेचा तेवढा नव्हता. तारीख मिळे, तास मिळत नसे. ‘नमुने सकाळी जमा करा, आकडे संध्याकाळी न्या,’ हे उत्तर ठरलेले. अभिक्रिया चालू असलेली नळी जमा करून ठेवता येत नाही, हे मी शक्य तितक्या नम्रपणे सांगे आणि तितक्याच नम्रपणे मला पुन्हा रांगेत पाठवले जाई. एकदा शिक्का अस्पष्ट उमटला म्हणून अर्ज परत आला. तोवर फॉइलमध्ये गुंडाळलेली सर्वांत विरळ अर्काची नळीसुद्धा फिकी पडली होती, आणि त्या वाचनांना काडीचाही अर्थ उरला नव्हता.

अखेर मार्गदर्शकांचे स्वतंत्र पत्र जोडून उपकरणाशेजारीच मिश्रण करण्याची परवानगी मागितली, तेव्हा काम मार्गी लागले. अर्क प्रत्येक नळीत दोन-दोन मिनिटांच्या अंतराने घातला, म्हणजे वाचनेही त्याच अंतराने घेता आली. हे पत्र पहिल्याच अर्जाला जोडावे, असे मी प्रत्येकाला सांगेन.

डीपीपीएचचे द्रावण त्याच दिवशी करावे. १०० मिलिलिटर मिथेनॉलात सुमारे ४ मिलिग्रॅम घेतले की ०.१ मिलिमोलर होते. क्वार्ट्‌झच्या क्युवेटसाठी (उपकरणात द्रावण ठेवण्याच्या छोट्या पात्रासाठी) खोळंबू नये, या तरंगलांबीला काचेची चालते. पानांचा अर्क मुळात हिरवा असल्याने डीपीपीएच न घातलेल्या अर्काचे वाचन वेगळे घेऊन वजा करावे. तुलनेचे अॅस्कॉर्बिक आम्लही (क जीवनसत्त्व) डीपीपीएचच्या त्याच द्रावणात, त्याच बैठकीत मोजावे, म्हणजे त्यासाठी पुन्हा त्या खिडकीशी उभे राहावे लागत नाही.