बाबांना समुद्र दाखवायचा होता: आमच्या केरळ ट्रिपचं प्लॅनिंग

आमच्याकडं ट्रिप ठरते ती पिकावर. सोयाबीनचे पैसे हातात आले, कापसाचा दुसरा वेचा झाला की तूर सोंगायच्या आधी जे काही दिवस मोकळे सापडतात तेवढेच आपले, म्हणून डिसेंबर पक्का केला. बाबांची मागणी एकच, "मले समुद्र पाहाचा आहे, बाकी तुमचं तुम्ही पाहा." वय ६८ आणि समुद्र कधीच पाहिलेला नाही.

आधी तालुक्याच्या एका एजंटकडून प्लॅन आणला. ५ रात्रीत मुन्नार, थेक्कडी, अलेप्पी, कोवलम, कन्याकुमारी, सगळंच. बायको म्हणाली आधी गाडीतले तास तर मोजा, मग पोराच्या वहीत रोजचे तास मांडले तेव्हा डोळे उघडले. कोची ते मुन्नार १३० किलोमीटर, आपल्याकडं एवढं अंतर अडीच तासात होते, तिथं घाटामुळं ४-५ तास लागतात, आणि आईचे गुडघे दुखतात. थेक्कडी, कोवलम, कन्याकुमारी तिघंही काटले. मन खट्टू झालं पण केलं ते बरोबर केलं असं मला आजही वाटते.

तिकिटाचं मात्र नीट वाचा. बुकिंग ६० दिवस आधी सकाळी ८ ला उघडते. आम्हाला बल्लारशाहवरून केरळ एक्सप्रेस सोयीची. मी आधी पाचही जणांचं एकच तिकीट काढणार होतो, पण ज्येष्ठांच्या कोट्यातला खालचा बर्थ पाहिजे असेल तर आई-बाबांचं वेगळं काढा. त्या कोट्यात एका तिकिटावर दोघंच चालतात, आणि दोघंही ज्येष्ठ पाहिजेत, पुरुष ६० किंवा वरचा, बाई ४५ किंवा वरची. दोघांनाही खालचा मिळाला.

मग वार जुळवले. पहिल्या प्लॅनमध्ये कोचीतला जुना भाग मट्टनचेरी शुक्रवारी आली होती, तिथला पॅलेस शुक्रवारी बंद आणि ज्यूंचं जुनं प्रार्थनाघर, म्हणजे सिनेगॉग, शनिवारी बंद, म्हणून दोन दिवस पुढं सरकवली. आणि समुद्र पहिल्याच सकाळी ठेवला, फोर्ट कोचीला. बाबा चपला हातात घेऊन पाण्याच्या काठाशी उभे राहिले ते बराच वेळ काही बोललेच नाही, मग वाकून ओंजळभर पाणी घेतलं आणि चाखून पाहिलं.

हाऊसबोट महाग वाटली, शिवाय रात्री मासेमारांची जाळी लागतात म्हणून ती संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला लागते, मग काय फायदा. त्यापेक्षा अलेप्पीवरून कोट्टायमला जाणारी सरकारी बोट घेतली, अडीच तास, तिकीट एकदम कमी, बाजूला गावातलीच माणसं बसलेली. परतीची गाडी कोट्टायमवरूनच असल्यानं मागं फिरायचं कामच नाही. ट्रिपमधलं सगळ्यात चांगलं काय तर हेच.

कुट्टनाडमधून बोट जाते तिथं धानाची बांधी पाण्याच्या पातळीच्याही खाली आहे, मधात फक्त बांध, आणि पंप लावून पाणी बाहेर फेकतात. आम्ही जन्मभर पाणी वावरात आणायची धडपड केली. बाबा उठून कठड्याशी गेले, बाजूच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला हातानंच विचारलं, बांध फुटला तर? त्यानं दोन्ही हात वर नेऊन छातीपर्यंत पाणी दाखवलं. भाषा एकाचीही दुसऱ्याला येत नव्हती, पण कोट्टायम येईपर्यंत दोघं तिथंच उभे होते.