जनरेटर नुसता ‘टक्’ करतो? नवी बॅटरी आणण्याआधी

वीज जाते, जनरेटर ‘टक्’ करतो आणि गप्प बसतो. सोसायटीत निकाल लगेच लागतो: बॅटरी गेली. खरंही असेल. पण नवी बॅटरी बसवताना टर्मिनल घासली जातात, लग (केबलच्या टोकाचे धातूचे जोड) घट्ट आवळले जातात, आणि कित्येकदा सेट चालू होतो तो तेवढ्यामुळेच. श्रेय नव्या बॅटरीला जातं, चांगली जुनी भंगारात जाते.

खालचे आकडे १२ व्होल्टच्या लेड-ॲसिड बॅटरीचे आहेत. सेट २४ व्होल्टचा असेल तर बॅटरीचे व्होल्ट दुप्पट धरा. हात लावण्याआधी कंट्रोलर (सेट आपोआप सुरू करणारं पॅनेल) ‘ऑटो’वरून काढा आणि इमर्जन्सी स्टॉप दाबून ठेवा. नाहीतर वीज जाते, सेट आपोआप सुटतो, आणि तुमचा हात पंख्याच्या पट्ट्याजवळ असतो.

पहिली फसगत व्होल्ट मोजतानाच होते. चार्जर चालू ठेवून मल्टिमीटर लावला की १३.५ दिसतात. ते चार्जरचे व्होल्ट, बॅटरीचे नव्हेत. चार्जर बंद करा, बॅटरी काही तास तशीच राहू द्या आणि मग मोजा. १२.६ च्या पुढे असेल तर पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे आधी चार्ज करा; उतरलेल्या बॅटरीवर पुढच्या चाचण्या करण्यात अर्थ नाही. बुचं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल तपासा. पाचांत १.२४० आणि एकात १.१८० आलं, तर तो सेल गेला. कितीही चार्ज करा, फरक पडणार नाही. पाणी प्लेटांच्या वर साधारण १० मिलिमीटर हवं. भरायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. ॲसिड टाकू नका, बिसलेरीही नको.

आता खरी परीक्षा. सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) फिरत असताना २०० ते ४०० अँपिअर ओढतो, आणि त्याच वेळी मोजलेले व्होल्ट खरं बोलतात. इंजिन चालू होऊ नये म्हणून इंधनाच्या सोलेनॉइडची वायर काढून ठेवा (वीज मिळाल्यावरच डिझेल सोडणाऱ्या इंजिनांत हे चालतं). इमर्जन्सी स्टॉप सोडा, हात-कपडे पंख्यापासून लांब ठेवा, पाच सेकंद सेल्फ मारा. मल्टिमीटरच्या पिना बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवरच टेकवा, लगवर नाही. ९.६ च्या खाली गेले तर भरलेली बॅटरीसुद्धा दमलेली आहे, किंवा सेल्फ जास्त करंट खातोय. डीसी क्लॅम्प मीटर (केबलभोवती अडकवून करंट मोजणारा) असेल तर दोन्हींतलं कोणतं ते तिथल्या तिथे कळतं.

बॅटरीवर ११ व्होल्ट टिकतात आणि सेल्फ तरी रडत फिरतो? मग व्होल्ट वाटेत कुठेतरी हरवतायत. एक पिन बॅटरीच्या प्लस खुंटावर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर त्या वाटेत खराबी आहे. मग मायनस खुंट ते सेल्फची बॉडी, इथे ०.३ च्या आत हवं. ही परतीची वाट सगळे विसरतात. इंजिनाची अर्थ पट्टी रंगावर आवळलेली असते, किंवा पावसाळ्यात लगच्या आत हिरवं चढलेलं असतं. ओहम रेंजवर हे सापडत नाही: ०.००३ ओहम साध्या मीटरला शून्यच दिसतो, पण ३०० अँपिअरला तिथेच ०.९ व्होल्ट जातात. मीटर नसेल तर सेल्फ मारल्यावर जोड हाताने चाचपा. जो गरम, तो दोषी. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, ब्रशने चकाकेपर्यंत घासा, आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. काढताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी.

आवाजही बरंच सांगतो. ‘टकटकटक’ म्हणजे सेल्फवरचा सोलेनॉइड (मोटरला वीज जोडणारा चुंबकी स्विच) ओढतो, व्होल्ट कोसळतात, तो सुटतो, व्होल्ट परत येतात आणि पुन्हा ओढतो. बॅटरी किंवा जोड बघा. एकच जोरकस ‘टक्’ असेल आणि बॅटरीचे व्होल्ट जागचे हलत नसतील, तर सोलेनॉइडचे तांब्याचे संपर्क जळलेत किंवा कार्बन ब्रश संपलेत. सेल्फ सूंऽऽ करून मोकळाच फिरला, तर पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत बसत नाही. अजिबात आवाज नसेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरवर स्टार्टच्या क्षणी व्होल्ट येतात का बघा. नसतील तर शोध रिले, फ्यूज आणि कंट्रोलरकडे वळवा. आणि सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फचं आर्मेचर (आतला फिरणारा भाग) जळेल.

बॅटरी खरंच मेली असेल, तर नवी जोडण्याआधी तिला कुणी मारलं ते शोधा. फ्लोट चार्जर (बॅटरीला कायम जोडलेला चार्जर) १३.५ ते १३.८ वर हवा. कायम १४.५ देणारा चार्जर पाणी उकळून उडवतो, १३ च्या खालचा प्लेटांवर सल्फेट चढवतो. तिसरं कारण फार साधं आणि माझ्या मते सगळ्यांत जास्त आढळणारं: चार्जरचा एमसीबी (बोर्डावरचा स्विच) पडलेला असतो आणि कंट्रोलर दिवसरात्र बॅटरीवर जगत असतो. त्या एमसीबीवर लाल अक्षरात ‘बंद करू नये’ लिहा आणि वॉचमनच्या रोजच्या नोंदवहीत बॅटरी व्होल्टचा एक रकाना आखून द्या.